डिग्री नाही, ट्रेड आहे: पुण्याहून जर्मनीला जाताना

आम्हा नवरा-बायकोकडे मिळून दोन आयटीआय सर्टिफिकेटं. एक औंधच्या सरकारी आयटीआयचं, फिटरचं, दोन वर्षांचं, त्यावर चाकणला एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप. दुसरं बेकर अँड कन्फेक्शनरचं, एक वर्षाचं. पदवी कुणाकडेच नाही. बाहेरदेशी जायचं म्हटलं की पुण्यात पहिला सल्ला मिळतो, "आधी मुक्त विद्यापीठातून बीए उरकून घ्या." निदान जर्मनीसाठी तरी हा सल्ला तीन वर्षं वाया घालवणारा आहे. फिटर म्हणून जाणाऱ्याच्या बीएला तिथे कुणी विचारत नाही. विचारतात ते दोनच प्रश्न. सरकारमान्य प्रशिक्षण निदान दोन वर्षांचं आहे का? आणि काम केल्याचा पुरावा कागदावर आहे का? पहिलं उत्तर आता बदलता येत नाही, जे आहे ते आहे. दुसऱ्यावर मात्र आमचे सगळ्यात जास्त महिने गेले, म्हणून इथेही जास्त जागा त्यालाच.

आधी देशांचं बोलून घेऊ. इंग्लंडची दारं बहुतेक ट्रेडना २२ जुलै २०२५ पासून बंद झाली, कारण कुशल कामगार व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या तोडीची हवी असा नियम आला. काही मोजकी कामं तात्पुरत्या यादीत आहेत, बाकी विसरा. कॅनडात ट्रेडवाल्यांसाठी २०१३ पासून वेगळी योजना आहे. तिला शिक्षणाची अट नाही, इंग्रजीही बेताचं चालतं. पण एक तर तिथल्या मालकाची वर्षभराची नोकरीची हमी लागते, नाहीतर तिथल्या प्रांताचं ट्रेड सर्टिफिकेट. पुण्यात बसून दोन्ही मिळवणं जड जातं.

ऑस्ट्रेलियाचा हिशोब आम्ही पुरा मांडून पाहिला, कारण जोडप्याचे गुण तिथे उघडपणे मोजतात. वय ३३ ते ३९ असेल तर २५ गुण. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ असतील तर १०. मान्य झालेल्या ट्रेड पात्रतेचे १०. ऑस्ट्रेलियाबाहेर केलेल्या कामाच्या ५ ते ७ वर्षांना १०, आठ किंवा जास्त वर्षांना १५. जोडीदाराला कामापुरतं इंग्रजी येत असेल तर ५. त्याच्या ट्रेडचं मूल्यांकनही झालं असेल आणि वय ४५ च्या आत असेल तर १०. अर्ज करायला किमान ६५ लागतात, पण ६५ वर बोलावणं येईलच असं नाही. यात दोन खाचा आहेत. एक, मूल्यांकन करणारी संस्था सुरुवातीची काही वर्षं "शिकण्यात गेली" असं धरून वगळते, त्यामुळे दहा वर्षांचा अनुभव कागदावर सहा-सातच उरतो. दोन, जोडीदाराचे १० गुण घ्यायचे तर दोघांचे ट्रेड त्या व्हिसाच्या एकाच यादीत बसावे लागतात. फिटर आणि बेकर प्रत्येक व्हिसात एकत्र बसत नाहीत. आम्ही तिथेच वही मिटली.

जर्मनीत जोडप्याचं गणित वेगळं असतं. एकजण मुख्य अर्जदार होतो आणि दुसरा जोडीदाराच्या व्हिसावर येतो. आल्यावर दुसऱ्यालाही कोणतीही नोकरी करायची मुभा असते, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे एक वर्षाचा बेकरीचा ट्रेड मुख्य अर्जासाठी तोकडा पडला तरी तिथल्या बेकरीत काम करायला आड येत नाही. त्यामुळे "दोघांपैकी जास्त कमावतो कोण" याने मुख्य अर्जदार ठरत नाही. दोन वर्षांचं सर्टिफिकेट कुणाकडे आहे, याने ठरतो. आमच्या ओळखीत वेल्डर नवरा आणि ड्राफ्ट्समन बायको असं जोडपं आहे. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा. तिथे अर्ज बायकोच्या नावाने व्हायला हवा, आणि हेच घरच्यांच्या गळी उतरत नाही.

ट्रेड दोन वर्षांचा असेल तर जर्मनीत शिरायच्या चार वाटा आहेत.

पहिली, पुण्यात असतानाच आपल्या प्रशिक्षणाची जर्मन प्रशिक्षणाशी तुलना करून घेऊन पूर्ण मान्यता मिळवायची आणि कुशल कामगाराच्या व्हिसावर जायचं. पंचेचाळिशीच्या आत असाल तर या वाटेला कायद्याने ठरवलेला किमान पगार नाही. पंचेचाळीस ओलांडले की २०२५ च्या आकड्याप्रमाणे वर्षाला ५३,१३० युरो पगार, नाहीतर म्हातारपणची पुरेशी सोय दाखवावी लागते.

दुसरी वाट मार्च २०२४ पासूनची. नोकरीचा करार हातात, जर्मन ए२ (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), आणि मान्यतेचं काम तिथे पोचल्यावर करायचं. मालक आणि कामगार दोघंही तसं लिहून देतात.

तिसरी अनुभवाची. मान्यता नकोच, पण गेल्या पाच वर्षांत निदान दोन वर्षं त्या कामाची हवीत आणि पगार २०२५ च्या हिशोबाने वर्षाला ४३,४७० युरो हवा. हे आकडे दर जानेवारीत वर सरकतात, तेव्हा करार जुन्या आकड्यावर आणि अर्ज नव्या वर्षात असं होऊ देऊ नका. आयटीवाल्यांना या वाटेवर प्रशिक्षणाचा कागदही लागत नाही, अनुभव पुरतो; हिंजवडीत डिग्रीशिवाय कोड लिहिणाऱ्यांनी इकडे बघावं.

चौथी म्हणजे जून २०२४ पासूनचं संधी कार्ड: नोकरी नसताना जाऊन वर्षभर शोधायची, तोवर आठवड्याला २० तास काम चालतं. यासाठी जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, वर ६ गुण. सात वर्षांत पाच वर्षांच्या अनुभवाचे ३, पस्तिशीच्या आत असाल तर २, जर्मन ए२ चा १, झाले ६. जोडीदारही अटीत बसत असेल तर आणखी १. पण २०२५ च्या दराने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, आधी दाखवावे लागतात. ते बहुतेक जण गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, भरतात. तेवढे पैसे बाजूला असतील तरच हा रस्ता. कर्ज काढून या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आम्ही पहिली वाट धरली, कारण ॲप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट होतं. उद्योगातल्या ट्रेडची तुलना न्यूर्नबर्गचं आयएचके फोसा हे कार्यालय करतं. बेकरी, घरगुती वायरिंग, प्लंबिंग अशा कारागिरीच्या ट्रेडना त्या-त्या भागातली कारागीर मंडळं असतात. अर्ज चुकीच्या दारात टाकला की परत येतो, आणि दोन-तीन महिने गेलेले असतात. फी १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान, प्रकरण किती किचकट आहे त्यावर. सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा असा नियम आहे. "सगळे" या शब्दावर लक्ष ठेवा, कारण एक कागद कमी असला तर घड्याळ सुरूच होत नाही.

तुलना कशाशी? तिथल्या औद्योगिक मेकॅनिकच्या साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी. आपलं दोन अधिक एक, म्हणजे कमीच. पण कमी पडलेला भाग कामाच्या अनुभवाने भरून निघू शकतो, आणि इथे अनुभवपत्राचा खरा उपयोग आहे. "सदर व्यक्ती आमच्याकडे अमुक ते अमुक काळ फिटर म्हणून कामास होती, वर्तणूक चांगली" एवढ्या दोन ओळींच्या पत्राने काहीच भरत नाही. पत्रात हवं ते असं: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, कोणत्या मशिनवर काम, हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक सर्किटची दुरुस्ती केली का, बेअरिंग बदलणं, शाफ्ट अलाइनमेंट, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक, पीएलसीचा (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) फॉल्ट शोधण्यापर्यंत मजल होती की इलेक्ट्रिशियनला बोलवायचात, ड्रॉइंगवरून सुटा भाग स्वतः बनवलात का. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन. एचआर एवढं लिहून देत नाही. म्हणून मसुदा आपणच करायचा, मेंटेनन्स मॅनेजरकडून तपासून घ्यायचा आणि मग एचआरच्या लेटरहेडवर न्यायचा. खोटं एक वाक्यही घालू नका. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

आता पुण्याचं खास दुखणं. भोसरी, चाकण, रांजणगावला निम्मी माणसं ठेकेदाराच्या नावावर असतात. काम मोठ्या कारखान्यात, पगार ठेकेदाराकडून, सात-अकरा महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवा ठेकेदार. मस्टरवर हुद्दा "ट्रेनी" किंवा "हेल्पर". पाच वर्षं लाइन चालवलेला माणूस कागदावर पाच वर्षं हेल्पर राहतो. यावर उपाय आहे, पण नोकरी सोडण्याआधी करायचा. ठेकेदाराकडून हुद्दा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. कारखान्यातल्या सुपरवायझरकडून, जमल्यास कंपनीच्या शिक्क्यासह, प्रत्यक्ष कामाचं वेगळं पत्र घ्या. आणि दोन्हीला पीएफची जोड द्या. पीएफ पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी हा आमच्या फायलीतला सगळ्यात भक्कम कागद ठरला, कारण तो मालकाच्या मर्जीवर नसतो. त्यातही एक घोळ निघाला. एका ठेकेदाराने सोडल्याची तारीख दोन महिने आधीची भरली होती, त्यामुळे अनुभवपत्र एक सांगतं आणि पीएफ दुसरंच. संयुक्त घोषणापत्र भरून तारीख दुरुस्त होते, पण आमच्या वेळी त्याला आधीच्या मालकाची संमती लागली आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत अर्ज पाठवायचा नाही, हे आम्ही ठरवलं ते बरं झालं. रोख पगाराची वर्षं मात्र मोजणीतून सोडून द्या. त्यांना पुरावा नाही, वाद घालून उपयोग नाही.

आयटीआयच्या कागदांमध्ये तीन गोष्टी बघायच्या. सर्टिफिकेट राष्ट्रीय परिषदेचं आहे की राज्य परिषदेचं, ते वर छापलेलं असतं. मार्कशीटं सगळी आहेत का, कारण २०१३ नंतर काही वर्षं सेमिस्टर पद्धत होती आणि त्या काळातल्या मुलांना चार मार्कशीटं असतात, एखादी हमखास गहाळ. आणि अभ्यासक्रम. तुलना करणारं कार्यालय विषय आणि तास बघतं, नुसते मार्क नाही. ट्रेडचा अभ्यासक्रम केंद्राच्या भारत स्किल्स साइटवर मिळतो, पण तिथे वर असतो तो ताजा. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा हवा. तो नसेल तर आयटीआयच्या प्राचार्यांकडून विषय आणि तासांचं पत्र आणावं. औंधला हे काम एका खेपेत होत नाही, पण होतं.

एक दिलासा. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये शिकवतात, जर्मनीतही तेच. आटे मेट्रिक, मापं मिलिमीटरमध्ये. फिटरला कागद वाचायला तिथे पुन्हा शिकावं लागत नाही, फक्त शब्द शिकावे लागतात.

नावांचा गुंता मराठी माणसाचा स्वतःचा आहे. आयटीआयच्या कागदावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव-वडिलांचं नाव एकत्र. बायकोच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं यात आधार कार्ड एक बोलतं आणि बँक दुसरं. क्रम वेगळा असला तर चालतं, स्पेलिंग वेगळं असलं की प्रश्न येतात. "एकच व्यक्ती" असं स्टँप पेपरवर नोटरी करून देणारे कोर्टाबाहेर बसलेलेच असतात, पण त्या कागदावर भिस्त ठेवू नका; जिथे चूक आहे तिथेच दुरुस्त करा. माहेर आणि सासरचं नाव जोडणारा खरा पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नाच्या हॉलची पावती आणि फोटो पुरत नाहीत, हे सांगायला नको, तरी सांगतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी राहिली असेल तर सगळ्यात आधी ती. जन्मदाखल्यात बाळाचं नावच नाही अशा नोंदीही जुन्या पिढीत बऱ्याच; नाव भरून घ्यायला वेळ लागतो. आणि एकदा फाइल गेली की मध्येच पासपोर्टवरचं नाव बदलू नका.

अनुवाद शपथबद्ध अनुवादकाचाच लागतो. सगळंच अनुवादाला टाकायची घाई करू नका, कोणते कागद हवेत ते कार्यालय आधी कळवतं. पानामागे पैसे जातात.

भाषा. गोएथे संस्थेच्या अंदाजाने ए२ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे २०० ते ३५० तास लागतात, बी१ ला ३५० ते ६५०. पूर्ण मान्यतेच्या वाटेवर फिटरच्या व्हिसासाठी भाषेची ठरावीक पातळी नाही, पण मुलाखत जर्मनमध्ये होते आणि मालक बी१ मागतो, म्हणजे गोष्ट तिथेच येते. पुण्यात क्लासेस पायलीला पन्नास. क्लासने स्वतः दिलेलं सर्टिफिकेट वकिलातीत चालत नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य संस्थांची परीक्षाच द्यावी लागते. ए१ किंवा ए२ ची परीक्षा सगळ्या भागांसह एकदमच पास व्हावी लागते, १०० पैकी ६०. बी१ चे चार भाग सुटे देता येतात, राहिलेला भाग तेवढाच पुन्हा.

शिफ्टवाल्यांसाठी एक सूचना: संध्याकाळची रोजची बॅच घेऊ नका. फर्स्ट, सेकंड, नाइट अशी फिरती पाळी असेल तर तीनातला निदान एक आठवडा क्लास पुरता बुडतो, नाइटच्या आठवड्यातही डोळे मिटतात, आणि जर्मनमध्ये बुडालेला आठवडा भरून निघत नाही. शनिवार-रविवारची लांब बॅच परवडते. क्लासात बाजारातल्या भाज्या आणि सुट्टीचे बेत शिकवतात. कानस म्हणजे फायले, आटे म्हणजे गेविंडे, ड्रॉइंग म्हणजे त्साइखनुंग हे स्वतःच जमवावं लागतं. जोडीदारानेही भाषा करावीच. जोडीदाराला ए१ लागतं की सूट मिळते हे मुख्य अर्जदाराच्या व्हिसाच्या कलमावर ठरतं, पण सूट मिळाली तरी बेकरीत पहाटे तीनच्या पाळीला तुमच्याशी इंग्रजी कोण बोलणार?

एजंटांबद्दल. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, आणि कामगाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. परवाना क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. चकचकीत ऑफिसात चार लाखांचं "पॅकेज" सांगणारे स्वतःला सल्लागार म्हणवतात, भरती करणारे नाही; मेख तिथेच आहे. नोकरी शोधायला जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेचं पोर्टल फुकट आहे. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, ती वाटही विचारून बघावी.

करार हातात आला की मालकाला एक गोष्ट सुचवायची: जलद प्रक्रिया. तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून ती सुरू करतो. मग पूर्वसंमती मिळाल्यावर वकिलातीची वेळ तीन आठवड्यांत आणि निर्णय पुढच्या तीन आठवड्यांत द्यायचा असतो. नाहीतर वाट बघत बसायचं. आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या वकिलातीच्या अखत्यारीत येतात. फी माणशी ७५ युरो. जोडीदाराचा अर्ज सोबतच टाका, नंतर टाकला तर तो वेगळ्या रांगेत जातो.

पगाराचा आकडा ऐकताना तो ब्रुटो आहे हे लक्षात ठेवा. कर, पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विमा कापून हातात येतो तो नेटो. नवरा-बायकोपैकी एकाचीच कमाई असेल तर कमावणाऱ्याने करवर्ग तीन आणि दुसऱ्याने पाच घेतल्यावर दरमहा हातात जास्त येतं. दोघंही सारखं कमवू लागले की चार-चार. न कमावणारा जोडीदार सरकारी आरोग्य विम्यात जादा हप्त्याशिवाय बसतो. या दोन्ही ठिकाणी तोच विवाहाचा दाखला आणि त्याचा अनुवाद मागतात, म्हणून त्याच्या दोन प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नको.

घरभाडं दोन तऱ्हेचं सांगतात, थंड आणि गरम. गरम म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत. बऱ्याच घरांना स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ, ओटासुद्धा नाही. बेकर बायको असलेल्या घराला याचं दुःख जास्त. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, त्याला घरमालकाची सही लागते, म्हणून सही न देणारं घर स्वस्त असलं तरी घेऊ नका. त्या नोंदीवर पुढचे सगळे कागद अवलंबून. नोंद झाली की महिन्याला १८.३६ युरोंच्या प्रसारण शुल्काचं पत्रही येतं, घरात टीव्ही असो नसो. ते फसवणुकीचं समजून फेकू नका.

गाडीचं लायसन्स पुण्याचं असेल तर ते पोचल्यापासून सहा महिने चालतं, त्यानंतर लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ज्या मेंटेनन्सच्या नोकरीत साइटवर फिरायचं असतं तिथे लायसन्सशिवाय काम अडतं, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलचा खर्च पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये आधीच धरा आणि नाव पहिल्या महिन्यातच नोंदवा.